दोन नियतकालिकं, एकच लॉगिन

मागच्या वर्षी आमच्या भाषाविषयक नियतकालिकाचा एक लेख दोन महिने परीक्षणावाचून पडून होता. परीक्षक मॅडमची वाट बघत राहिले आणि शेवटी फोन केला. त्या म्हणाल्या, "मला मेलच आला नाही हो." वापरकर्त्यांची यादी उघडली तर मॅडम तिथे तीनदा होत्या: एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी, एकदा आडनाव आधी लिहून. विनंती गेली होती ती त्यांच्या जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर. तो पत्ता त्या निवृत्त झाल्यापासून बंद आहे.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: एक माणूस, एक खातं. ओजेएसमध्ये हे जमतं, फक्त रचना समजून घ्यावी लागते. (ओजेएस म्हणजे नियतकालिकं ऑनलाइन चालवण्यासाठीचं, कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं मोफत सॉफ्टवेअर. हा प्रकल्प १९९८ साली जॉन विलिन्स्की यांनी सुरू केला.) आम्ही ३.३ आवृत्ती वापरतो, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

एकाच ओजेएसवर कितीही नियतकालिकं चालतात. खातं अख्ख्या साइटचं असतं, भूमिका मात्र नियतकालिकागणिक वेगळ्या. म्हणजे एकच बाई एकीकडे परीक्षक आणि दुसरीकडे लेखक असू शकते, पासवर्ड तोच. त्यामुळे दुसरं नियतकालिक काढताना नवं ओजेएस बसवू नका. अ‍ॅडमिन म्हणून आत जाऊन 'होस्टेड जर्नल्स'मध्ये नवं नियतकालिक तयार करा. त्याला स्वतःचा पाथ (वेबपत्त्यातला वेगळा भाग), स्वतःचं रूप, स्वतःचं संपादक मंडळ मिळतं.

आता परीक्षकाला दुसऱ्या नियतकालिकात कसं घ्यायचं? इथेच बहुतेक जण नवं खातं उघडतात. तसं करू नका. दुसऱ्या नियतकालिकाच्या 'युजर्स अँड रोल्स'मध्ये जा, शोध उघडा आणि 'या नियतकालिकात भूमिका नसलेलेही दाखवा' अशा अर्थाची खूण करा. नाव समोर आलं की एडिट करून परीक्षकाच्या भूमिकेवर टिक करा. लोकांना स्वतःलाही प्रोफाइलच्या 'रोल्स' टॅबमध्ये जाऊन दुसऱ्या नियतकालिकात नाव नोंदवता येतं. आम्ही हे सगळ्या परीक्षकांना एका मेलमध्ये, पडद्याच्या चित्रासकट, समजावलं.

आधीच झालेली दुहेरी खाती 'मर्ज युजर'ने जोडायची. इथे दिशा नीट लक्षात ठेवा: आधी निवडलेलं खातं नाहीसं होतं आणि त्याचं सगळं काम नंतर निवडलेल्या खात्यावर जातं. परत फिरायची सोय नाही. मी वहीत दोन रकाने आखते, 'जाणारं' आणि 'राहणारं', दोन्हीकडे यूजरनेम आणि ईमेल लिहिते, डेटाबेसची प्रत काढते, मगच बटण दाबते. कुठलं खातं ठेवायचं हे त्या व्यक्तीलाच विचारा. मॅडमना विचारलं तेव्हा कळलं, त्या मेल बघतात तो पत्ता तिन्हींपैकी एकातही नव्हता. एकत्र केल्यावर राहिलेल्या खात्यात तो घातला.

दोन वेगवेगळी ओजेएस आधीच चालू असतील तर काम जास्त आहे. एकाचा डेटाबेस दुसऱ्याला जोडायच्या फंदात पडू नका. टूल्समधल्या 'युजर्स एक्सएमएल'मधून खाती बाहेर काढा आणि दुसरीकडे आत घ्या, पण आधी चाचणीच्या प्रतीवर. एका साइटवर एक ईमेल एकाच खात्याला चालतो, म्हणून दोन्ही याद्या ईमेलनुसार लावून जुळणारी नावं आधी हाताने बघा. लेख आणि अंक यांचं स्थलांतर हे वेगळं काम, ते या फाईलने होत नाही.

काही काळ दोन्ही ओजेएस एकाच डोमेनवर ठेवावी लागली, तर कॉन्फिग फाईलमध्ये दोघांच्या सेशन कुकीला (ब्राउझरमध्ये लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी नोंद) वेगवेगळी नावं द्या. मूळ नाव दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे एकीकडे लॉगिन केलं की दुसरीकडून बाहेर फेकले जाण्याचा त्रास होतो.

ऑर्किडचा (ORCID, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख) सोळा अंकी क्रमांकही प्रोफाइलमध्ये भरून घ्या. तो लॉगिनचं काम करत नाही, पण एकाच आडनावाची चार माणसं असली की नेमकं कोण ते कळतं.

मॅडमचं आता एकच खातं आहे. दोन्ही नियतकालिकांच्या विनंत्या त्यांच्या चालू पत्त्यावर जातात, आणि मागच्या लेखाचं परीक्षण त्यांनी नऊ दिवसांत पाठवलं.