कुत्रा दमतच नाही? मग या चुका टाळा

आमचा लॅब्रॅडॉर दीड वर्षाचा असताना मी त्याला रोज पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर तासभर नेत असे. घरी आल्यावर अर्धा तास आडवा, की पुन्हा चपला पळवायला तयार. म्हणून दीड तास नेऊ लागलो. महिन्याभरात तो त्यालाही पुरून उरला. मी त्याला दमवत नव्हतो, त्याचा दम वाढवत होतो. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

कुत्रा खरा दमतो तो नाक आणि डोकं वापरून. जुना टॉवेल पसरा, त्याच्या कोरड्या खाद्याचे मूठभर दाणे त्यात टाका, सैलसर गुंडाळी करा आणि शोधायला सांगा. जमू लागलं की गाठ मारा. पुढे खाऊ दुसऱ्या खोलीत लपवा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा याच खेळाने आमचं घर शांत राहतं. फिरायला नेल्यावरही वास घ्यायला थांबला की पट्टा ओढू नका. ते हुंगणं हाच त्याचा व्यायाम.

दुसरी चूक चेंडूची. वीस-पंचवीस वेळा नुसता फेकत राहिलात तर तो चेकाळतो आणि घरी आल्यावरही शांत होत नाही. आधी बसवा, चेंडू टाका, दोन-तीन सेकंद थांबवा, मग सोडा. पाच-सहा फेऱ्या पुरेत. स्वतःला आवरताना त्याचं डोकंही कामाला लागतं. लेझरचा ठिपका मात्र नकोच. तो कधी हाती लागत नाही, आणि काही कुत्र्यांना सावल्यांमागे धावायचं वेड लागतं.

शब्दांचा घोळ आपल्याकडे फार. आजी म्हणते ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, आणि खेळ थांबवताना सगळेच म्हणतात, ‘बस झालं!’ कुत्र्याने करायचं काय? घरात एकच शब्द ठरवा, फ्रिजवर लिहून लावा आणि थांबवताना ‘पुरे’ म्हणा.

सराव तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून तीन-चार वेळा. जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला तर थांबायला उशीर झालाय. खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करा. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट अजिबात नाही.

एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. जेवणानंतर लगेच पळवू नका. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींमध्ये पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जीवघेणा असतो.

पिल्लू संध्याकाळी घरभर सैरावैरा धावतं, चावे घेतं, तेव्हा आपण त्याला अजून खेळवतो. बहुधा त्याला झोप हवी असते. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेवून पाहा.

आणि एरवी शांत असलेला कुत्रा अचानक अस्वस्थ झाला, तर व्यायाम वाढवण्याआधी कान हुंगून पाहा, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आमच्याकडे एका पावसाळ्यात कानातच संसर्ग निघाला होता, आणि मी आठवडाभर त्याला जास्त फिरवत राहिलो होतो.