म्युनिकला निघालात? भटकंतीची तयारी पुण्यातच करा

जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि वर्ग भरतात महिन्याच्या मध्यावर. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या कितीतरी घरांत हॉलमध्ये उघड्या बॅगा पसरलेल्या असतात. कुकर, पोहे, जन्मभर पुरेल इतका गोडा मसाला, आणि सगळ्यांच्या वर लक्ष्मी रोडवरून आणलेलं एक भलंमोठं जाकीट. घराबाहेर पडायची तयारी त्या जाकिटापाशीच संपते. खरं तर जाकीट तिथे स्वस्त आणि चांगलं मिळतं. इथून न्यायचे ते चालणारे पाय, पाण्यात न घाबरणारं अंग आणि सायकलची सवय. याला वजनाची मर्यादाही नाही.

आधी पाय. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण सहाशे मीटरचा चढ. म्युनिकहून ट्रेनने जाऊन दिवसाभरात परत यायचं म्हटलं, तर मधल्या प्रतीच्या वाटांवर आठशे ते हजार मीटरचा चढ सहज निघतो. तेव्हा पावसाळाभर दर रविवारी सिंहगड करा. वर पिठलं-भाकरी, दही जरूर खा, पण मग जीपमध्ये बसून खाली यायचं नाही. गुडघ्यांची परीक्षा उतारावरच होते. पावसात निसरड्या दगडावर पाय कसा टाकायचा हे सह्याद्रीइतकं चांगलं दुसरं कुणी शिकवत नाही, आणि हे शिक्षण आल्प्समध्ये जसंच्या तसं उपयोगी पडतं.

बूट मात्र इथेच घ्या. बूट पायाला रुळायला काही आठवडे लागतात आणि नवे कोरे बूट घालून पहिल्याच रविवारी डोंगरात गेलात तर टाचेला फोड ठरलेला. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे सोबत न्या. नाडी घट्ट बांधून उतरत्या फळीवर उभं राहा, बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा मागा. घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले हवेत. मग रोज सकाळी वेताळ टेकडी. विमानात हेच बूट घालून बसायचं, बॅगेत एखादा किलो मोकळा होतो.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स आणि सुती टी-शर्ट डोंगरात निरुपयोगी. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि वारा लागला की हुडहुडी भरते. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर ऊब, त्यावर वारा-पाऊस अडवणारं. मधल्या थरासाठी आईने किंवा मावशीने विणलेला खरा लोकरीचा स्वेटर असेल तर बॅगेत पहिला तो घाला. स्कूटरवरचा रेनकोट घरीच ठेवा, आतून घामाने तितकंच भिजायला होतं. ऑक्टोबरचे पहिले आठवडे बहुधा एवढ्यावर निभतात. जाड जाकीट तिथे गेल्यावर घ्या, जुन्या कपड्यांच्या बाजारात पाहिलंत तर आणखी उत्तम.

आणि ते आठवडे घर लावण्यात घालवू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, डिसेंबरात सूर्य सव्वाचार-साडेचारला मावळतो. पुण्यात ऐन थंडीतही दिवस अकरा तासांचा असतो, तिथे तो साडेआठ तासांच्याही आत येतो. म्हणून कपाळावर बांधायचा टॉर्च यादीत हवाच.

पोहण्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे ‘पोहता येतं’ याचा अर्थ पुष्कळदा टिळक तलावात काठाचा आधार घेत एक रुंदी, इतकाच असतो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात जून-जुलै म्हणजे तळी. श्टार्नबेर्ग, आमरझे, शिवाय शहरातली इझार नदी. वर्गातली सगळी पोरं फळीवरून उड्या मारतात आणि कुणी विचारतही नाही की तुला येतं का. बऱ्याच काठांवर जीवरक्षक नसतो, चार पावलांवर तळ एकदम खोल जातो, आणि इझारचं पाणी डोंगरातून येतं, उन्हाळ्यातही गार. तिथल्या पोहण्याच्या ब्राँझ बिल्ल्यासाठी काठाला हात न लावता १५ मिनिटं पोहावं लागतं, आणि त्यात किमान २०० मीटर कापावे लागतात. तेवढं इथे जमेपर्यंत निघू नका, असंच म्हणेन. जमत नसेल तर गुडघाभर पाण्यात बसून मजा घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि शहरातल्या आइसबाख ओढ्यात लाटेवर फळी चालवणारे दिसलेच, तर ते पुलावरून पाहावेत.

सायकल. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे आपण अभिमानाने सांगतो आणि स्कूटरला किक मारतो. दोन गोष्टी इथेच घटवा: हँडल न डगमगता खांद्यावरून मागे पाहणं, आणि एक हात सोडून वळण दाखवणं. तिथे उजव्या बाजूने चालवायचं. ज्या चौकात पाटी वा सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जातो. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवा. लाल सिग्नल तोडलात तर सायकलवाल्यालाही किमान ६० युरो दंड आहे. ‘पोलीस कुठे दिसत नाही’ हे अस्सल पुणेरी गणित तिथे महागात पडतं.

डॉक्टरांची कामं. चष्मा असेल तर इथे दुसरी जोडी आणि नंबरचा गॉगल करून घ्या. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही. सनस्क्रीन जानेवारीतही लागतं. गोचीड ही आपल्याकडे गुराढोरांची गोष्ट. तिथे गवतातून चालताना ती माणसाला लागते, आणि मेंदूज्वराचा एक विषाणू देऊ शकते. बव्हेरियाचा बहुतेक भाग याच्या धोक्याच्या क्षेत्रात मोडतो. त्यावर लस आहे: पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने, तिसरा त्यानंतर काही महिन्यांनी. तिथे पोचल्यावर हिवाळ्यातच सुरू करा, म्हणजे वसंतापर्यंत दोन होतात. धोक्याच्या क्षेत्रात राहणाऱ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा खर्च देतो. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम आजारावर मात्र लस नाही. घरी आलं की गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, केसांत बोटं फिरवून बघायचं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल-रॉकेलचे घरगुती उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल कडं उमटून पसरत गेलं तर डॉक्टरांकडे जा.

त्याच सुमारास ‘हाफ्टफ्लिश्ट’ नावाचा विमा घेऊन टाका. सायकलने कुणाला धडकलात किंवा घसरगाडीवरून कुणाच्या अंगावर गेलात तर भरपाई हा विमा देतो. वर्षाचा हप्ता किरकोळ असतो.

बर्फ पडला की स्कीइंगच्या मागे लगेच धावू नका, शिकवणी आणि साहित्य दोन्ही महाग. लाकडी घसरगाडी भाड्याने मिळते, ब्रेक म्हणजे आपल्याच टाचा, डोक्यावर हेल्मेट. दिवाळीचा किल्ला करताना जेवढी माती अंगावर येते तेवढा बर्फ कॉलरमध्ये जातो, म्हणून हातमोजे आणि मोजे दोन-दोन न्या. पायवाटेने वर जायचं असेल तर हिमस्खलनाचा त्या दिवसाचा इशारा पाहा. पट्टी १ ते ५ अशी असते, आणि ३ हा आकडा मधला वाटला तरी तो गंभीर धोक्याचा आहे. नवख्याने त्या दिवशी खालच्या गावात गरम चॉकलेट प्यावं. गोठलेल्या तळ्यावर पालिकेने परवानगी जाहीर केल्याशिवाय पाऊल टाकू नये.

डोंगरातल्या वाटांना रंग असतात: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. सिंहगड रुळला असेल तर निळ्यापासून सुरू करून लालवर या, काळ्याची घाई नको. जर्मन आल्पाइन क्लब १८६९ साली म्युनिकमध्येच स्थापन झाला. त्याच्या डोंगरातल्या निवाऱ्यांत मुक्काम करायचा तर आपली पातळ झोपायची पिशवी न्यावी लागते. दुकानातली घेऊ नका. आईची जुनी सुती साडी काढा, दुमडून सव्वादोन मीटर लांब आणि पाऊण-एक मीटर रुंद करा, दुमडीखेरीज दोन बाजू शिवा, डोक्याकडची उघडी ठेवून तिथे उशी सरकवायला एक कप्पा करा. शिंपी मिनिटांत करून देतो, घडी मुठीत मावते. बूट आत नेत नाहीत, घरातल्या चपला लागतात. रोख पैसेही ठेवा, वर सगळीकडे कार्ड चालेल असं नाही.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी डब्याची सोय झाली नाही तर उपास. इथून तहान-भूक लाडू नेणार असाल तर लक्षात ठेवा, दूध आणि मांस, त्यांचे पदार्थ, युरोपात सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खवा गेलं. आंबेही नाहीत. शेंगदाणा चिक्की, खाकरा, भाजके चणे उत्तम. पाच जण जमले तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं सामायिक तिकीट, काढा. प्रादेशिक गाड्यांत चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. परत येताना बिअर गार्डनमध्ये बसा. पेय त्यांच्याकडून घेतलं तर पारंपरिक ठिकाणी खाणं आपलं चालतं. चेस्टनटच्या झाडाखाली थालीपिठाचा डबा उघडायला कुणी आडकाठी करत नाही, उलट शेजारचा टेबलवाला काय आहे म्हणून विचारतो.

आता घरच्यांची तयारी. भारत तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. डोंगराच्या दिवशी दुपारी रेंज नसेल, हे आधीच आईला सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी उतराल तेव्हा पंधरा मिस्ड कॉल आणि काकाही ऑनलाइन. पण खरी माहिती खोलीतल्या सोबत्याकडे ठेवा: कोणती वाट, कोणती परतीची ट्रेन, किती वाजेपर्यंत आलो नाही तर ११२ लावायचा. वर अडकलात आणि फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा खूण करायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा करायची. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. शिट्टी बॅगेच्या पट्ट्याला बांधून ठेवा. बॅगेच्या तळाशी ठेवली तर वेळेला हाताला लागायची नाही.