पॉलिशने चरा भरत नाही: घरी गाडी चमकवताना या चुका टाळा

पॉलिश लावलं की चरा भरून निघतो, या समजुतीपासूनच घरगुती कामाची गडबड सुरू होते. पॉलिश काहीही भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला की चरा दिसेनासा होतो, इतकंच. हा थर म्हणजे रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांवर तो ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तोच. त्यातले दोन-चार मायक्रॉन गेल्याने बिघडत नाही. पण दर दिवाळीला कोणी 'रबिंग', म्हणजे घासून पॉलिश, करून घेत असेल, तर काही वर्षांत बॉनेट आणि टप पांढुरके पडून पापुद्रे सुटू लागतात. ते पॉलिशने परत येत नाही, तो भाग रंगवावाच लागतो.

म्हणून आधी चऱ्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे टचअप पेन घ्या, रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. नख सरकून गेलं तर पुढे वाचा.

सगळ्यात जास्त चरे पडतात ते पुसताना

उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात. ती रस्त्यावर पडलेली नसतात. सोसायटीत सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात. आठव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात सात गाड्यांची माती असते. पुण्यात हिंजवडी, वाकड, वाघोलीसारख्या भागात तर बांधकामाची बारीक वाळूच गाडीवर बसते आणि कोरडं फडकं मारणं म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर फिरवणं. ही सवय न मोडता पॉलिश केलं तर महिन्याभरात जाळी परत येते आणि क्लिअर कोट फुकट गेलेला असतो.

धुताना आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती उतरवा. मग दोन बादल्या घ्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत धुण्याचा मऊ हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली या. चाकं आणि दाराचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या कपड्याने. भांड्यांचा साबण एरवी नको, पण पॉलिशच्या आदल्या धुण्यात जुनं वॅक्स सैल करायला एकदा वापरला तर चालतो. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. तो नसेल तर कपड्याला थोडंसं रॉकेल लावून पुसा आणि ती जागा लगेच शॅम्पूने धुवा. डिझेलचा हात मारून गाडी चकचकीत करायची जुनी रीत मात्र सोडाच. तो तेलकट थर दिवसभराची धूळ धरून ठेवतो.

धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी. सुपारीएवढा तुकडा मळून चपटा करा, पत्रा शॅम्पूच्या पाण्याने भरपूर ओला ठेवा आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणत राहा. क्ले जमिनीवर पडला की तो तुकडा टाकून द्यायचा, झटकून नाही वापरायचा. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो. क्ले न करता पॉलिशचं मशीन लावलं तर तीच खरखर पॅडमध्ये जाऊन फिरत राहते.

बोअरच्या पाण्याचे डाग आणि टाइल्सचं ॲसिड

उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत काळ्या गाडीवर पांढरी कडी उमटलेली असतात. हे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने लावा, एक-दोन मिनिटं थांबा, पुसा आणि लगेच धुवा. तरी कडं राहिलं तर क्षाराने क्लिअर कोटमध्ये खळगा केलेला आहे. तो पॉलिशने कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड गाडीवर वापरू नका, सिमेंटचे शिंतोडे काढायलाही नाही. क्रोम आणि ॲल्युमिनियम काळवंडतं, आणि ते दुरुस्त करणं डागापेक्षा महागात पडतं. टूथपेस्टचंही तसंच. ती खरवडते, पण किती खरवडते याचा हिशेब ट्यूबवर लिहिलेला नसतो.

उन्हात काम

एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर उघड्यावर उभ्या गाडीचं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं. त्यावर पॉलिश पसरायच्या आतच वाळतं आणि चिकटून बसतं. उलटा हात पत्र्यावर दहा सेकंद आरामात टेकता आला पाहिजे. सावली आणि सकाळी सात ते दहा ही वेळ धरा. पार्किंगच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, तिच्यात जाळी दिसतच नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

ग्राइंडर म्हणजे पॉलिशर नव्हे

चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. त्याला फोमचं पॅड लावायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. कडेवरचा रंग काही सेकंदांत उडतो. रोटरी पॉलिशरचा वेग आटोक्यात असतो, पण पॅड एकाच अक्षावर फिरत असल्याने जागा तापते आणि नवख्या हाताने उन्हात दिसणारे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. सुरुवात ड्युअल ॲक्शन पॉलिशरने करा, त्याचं पॅड फिरतं आणि हेलकावतंही. १५ मिमी थ्रो (पॅडच्या हेलकाव्याचा आवाका) आणि पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी) पुरते. पॅड किमान पाच-सहा हवेत, एकाच पॅडवर गाडी होत नाही. पुण्यात नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानांत पॅड, कंपाउंड (जास्त खरवडणारं जाड पॉलिश) आणि मास्किंग टेप एका फेरीत मिळून जातं.

दुकानदार आधी सगळ्यात जाड कंपाउंड पुढे करतो. ते घ्या, पण सुरुवात उलटी करा. बॉनेटवर टेपने दीड फुटाचा चौकोन आखा. त्यात आधी मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश वापरून बघा. जाळी ७०-८० टक्के गेली तर अख्ख्या गाडीला तेच पुरे. नाही गेली तर मध्यम पॅड, मग कंपाउंड. शेवटचा चरा जाईपर्यंत घासायचा हट्ट धरू नका. तो एक चरा ठेवून दिलेला बरा.

पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात, नव्या कोरड्या पॅडला पहिल्यांदा थोडं जास्त. पॅड पत्र्याला टेकवूनच मशीन चालू करा, नाहीतर पॉलिश भिंतीवर जातं. एक नंबरच्या वेगावर पसरा, मग चार-पाचवर. सेकंदाला एक इंच इतक्या संथपणे आडवं आणि मग उभं, मिळून चार ते सहा वेळा फिरवा. मागची फेरी अर्धी झाकली गेली पाहिजे. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर दाब जास्त आहे किंवा मशीन तिरकं आहे. पॅड नुसतं थरथरतं आणि काम शून्य होतं. मशीन काम करत नाही, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं.

दाराच्या कडा, पत्र्याच्या घड्या आणि उंचवट्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे टेप लावा. बंपर प्लॅस्टिकचा आहे. तो उष्णता पसरू देत नाही, म्हणून वेग एक नंबर कमी ठेवा आणि एका जागी रेंगाळू नका. पॅनेल नुकतंच रंगवून आणलं असेल तर पेंटरला विचारल्याशिवाय हात लावू नका. वॅक्स तर किमान महिनाभर नको.

काम बिघडलं तर

पावडर उडतेय: पॉलिश जास्त झालंय, पॅड भरलंय किंवा पत्रा गरम आहे. प्रत्येक पॅनेलनंतर पॅड ब्रशने साफ करा.

कंपाउंडनंतर धुरकट दिसतंय: हे अपेक्षितच आहे, गडद रंगावर विशेष. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने ते निघतं. पुन्हा कंपाउंड मारलं तर धुरकटपणा वाढेल.

पॉलिश वाळून चिकटलं: खरवडू नका. त्यावरच ताज्या पॉलिशचा ठिपका लावून हलकं फिरवा आणि मायक्रोफायबरने पुसा.

पहिल्या धुण्यात चरे परत आले: ते गेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने झाकले होते. म्हणून वॅक्सच्या आधी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी फवारून पुसा आणि टॉर्चने तपासा. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरिन मागे राहतं.

पॅडवर गाडीचा रंग आला: लगेच थांबा. एकतर क्लिअर कोट पार झालाय किंवा गाडीचा रंग मुळातच एकथरी आहे. जुन्या गाड्यांचे साधे लाल-पांढरे रंग असे असतात. हे आधीच ओळखायचं तर दाराच्या आतल्या बाजूला कापडाने थोडं पॉलिश घासून पाहा. पांढऱ्या गाडीसाठी कापड काळं घ्या, नाहीतर काही कळणार नाही.

काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग: टेप लावायचा राहिला. जुना टूथब्रश आणि शॅम्पूचं पाणी, वाळायच्या आत.

पिवळ्या हेडलाइटसाठी १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून क्रमाने मारा, मग पॉलिश. वरून यूव्ही कोटिंग दिलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच संरक्षक थर, पण कृत्रिम), अगदी पातळ. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायला मात्र हात दुखतो. मायक्रोफायबर इतर कपड्यांसोबत धुऊ नका, आणि कम्फर्टसारखं सॉफ्टनर नको, त्याचे पट्टे काचेसारख्या पत्र्यावर उमटतात.

एवढं बहुतेक जण दसऱ्याच्या आदल्या रविवारी करतात. मग पूजेला बॉनेटवर ओलं हळदीकुंकू लागतं आणि ग्रिलला झेंडूचा हार तारेने बांधला जातो. स्वस्तिक त्याच संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या, पांढऱ्या गाडीवर हळद राहते. आणि हार दोऱ्याने बांधा. बायपासवर ऐंशीच्या वेगाने हलणारं तारेचं टोक बॉनेटच्या कडेला जे करतं, त्यात नख अडकतं.