कच्च्या पपईचं थाई सॅलड कुरकुरीत राहण्यासाठी

थायलंडला जाऊन आलेले बरेच जण हौसेने घरी सोम तम, म्हणजे हेच सॅलड, करतात आणि ताटात येईपर्यंत पपई लिबलिबीत होऊन खाली पाणी साचतं.

सगळी गंमत पपईत आहे. नागपूरच्या कॉटन मार्केटमधून, म्हणजे भाजीबाजारातून, भाजीची, हिरवी, टणक पपई आणा. नख टोचलं की पांढरा चीक आला पाहिजे. साल काढून लांब कीस करा, बर्फाच्या पाण्यात 15 मिनिटं बुडवा, मग सुती पंचात गुंडाळून अगदी कोरडा करा. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बर्फाला पर्याय नाही.

1. खलबत्त्यात लसूण, हिरवी मिरची, गूळ ठेचून लिंबू पिळा. फिश सॉस नसेल तर मीठ आणि चमचाभर सोया सॉस.
2. बरबटीच्या (चवळीच्या) कच्च्या शेंगा बोटभर तोडून हलक्या चेचा, टोमॅटोही.
3. पाहुणे पानावर बसले की कीस मिसळा. वरून भाजलेले दाणे, कूट नको.

सांबार (कोथिंबीर) घालायला हात शिवशिवतो. घातला की ती आपली कोशिंबीरच होते.

चिकाने हात खाजतात, म्हणून तेल लावून सोला. गरोदर बाईला मात्र कच्ची पपई देऊ नका.