धुक्याच्या शहरात उष्ण कटिबंधाची फुले शिकताना

सॅन फ्रान्सिस्कोत उद्यानविद्या शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींनी चाफा, मोगरा आणि जास्वंदीच्या भरवशावर इथली बाग आखू नये. कोकणात पावसाळाभर भिजूनही तग धरणारा चाफा इथल्या थंड, ओल्या मातीत मुळापासून कुजतो आणि मोगऱ्याला बहरण्यासाठी लागणारी ऊब जुलैतही मिळत नाही.

खरा चकवा रोपाच्या पट्टीवर असतो. मीही त्यात बराच काळ अडकले होते, म्हणून थोडे पाल्हाळ लावते. अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेला थंडीचा विभाग त्या पट्टीवर छापतात. या शहराचा बराचसा भाग '१०ब' मध्ये येतो आणि दक्षिण फ्लोरिडाचा काही भागही त्याच विभागात येतो, त्यामुळे तिथे फुलणारे सारे इथेही फुलेल असे वाटते. परंतु तो आकडा फक्त वर्षातल्या नीचांकी तापमानाची सरासरी सांगतो. '१०ब'साठी ती १.७ ते ४.४ अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्याविषयी तो काहीच सांगत नाही. इथे उन्हाळ्यात समुद्राच्या तळाकडचे गार पाणी किनाऱ्यालगत वर येते, त्यावर धुके साचते आणि शहराच्या पश्चिम भागात भर दुपारी स्वेटर घालावा लागतो. रोप गारठून मरत नाही, पण फुलतही नाही. म्हणून ते किती थंडी सोसते याबरोबरच फुलायला त्याला किती उष्णता लागते, हेही विचारा.

तरीही खचून जाऊ नका. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच मेघवनांतली हवा इथल्यासारखीच गार आणि दमट असते. त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात माना टाकणारी तिथली मास्देवालिया ऑर्किडे इथे सावलीत, उघड्यावर रमतात. १८७९ साली खुल्या झालेल्या 'कॉन्झर्व्हेटरी ऑफ फ्लॉवर्स' या इथल्या काचगृहातल्या उंच प्रदेशातील वनस्पतींच्या दालनात ड्रॅक्युला ऑर्किड अवश्य पाहा. त्याचा फुलदांडा टोपलीच्या तळातून खाली लोंबतो आणि फुलाचा ओठ अळंबीच्या खालच्या बाजूसारखा चुणीदार असतो, कारण त्याला अळंबीवर येणाऱ्या माश्यांना भुलवायचे असते. मला या फुलांचा लळा लागला तो तिथेच.

कुंडीखाली तापणारी चटई घालून मोगरा फुलवण्याच्या आडवाटेला माझा ठाम विरोध आहे, कारण त्यातून हवामान वाचायची सवय लागत नाही. गुरू निवडताना, कुंडी हातात देऊन तिच्या वजनावरून पाण्याचा अंदाज घ्यायला लावणारा माणूस शोधा. नुसते खतांचे तक्ते देणाऱ्याकडून फारसे हाती लागत नाही.

सुरुवात ब्रुगमान्सियाने करा. फांदी सहज मुळे धरते आणि संध्याकाळी लांबट, लोंबत्या फुलांचा वास अंगणभर पसरतो. मात्र हे झाड सर्वांगी विषारी आहे. छाटणी करताना हातमोजे घाला आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना मुळीच लावू नका.