दूरच्या रोबोटिक्स स्पर्धेला साहित्य नेताना: खानदेशातील संघांसाठी

रोबो चालू झाला की तयारी संपली, असे बहुतेक संघांना वाटते, आणि तो स्पर्धेच्या गावी न्यायचा कसा याचा विचार निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू होतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर किंवा नंदुरबारहून दिल्लीला जायचे तर हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास पडतो. त्या प्रवासात लागणारे हादरे, ऊन आणि हमालांची घाई या गोष्टी प्रयोगशाळेतल्या चाचणीत कधीच दिसत नाहीत. अनेक वर्षे विद्यार्थ्यांबरोबर असे प्रवास केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की वाहतुकीचा निर्णय रोबोचा आराखडा काढतानाच घ्यावा लागतो. सांगाडा वेल्ड करून एकसंध केला, की पुढचे सगळे पर्याय महाग आणि अवघड होतात.

आराखडा काढताना

रेल्वेच्या नियमांनुसार डब्यात सोबत नेता येणाऱ्या पेटीचे कमाल माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. एसी थ्री-टियरमध्ये ते ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतके लहान होते. यापेक्षा मोठी पेटी ब्रेक-व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावी लागते. म्हणून सांगाडा तीन-चार भागांत सुटा होईल असा बोल्टांनी जोडावा आणि शक्य तेवढे भाग पहिल्या मापात बसवावेत. स्लीपर वर्गात प्रत्येकी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे दहा विद्यार्थ्यांच्या तिकिटांवर कागदोपत्री ४०० किलो होतात. पण बर्थखालची जागा तेवढी नसते आणि ती इतर प्रवाशांचीही असते, हे हिशेबात धरावे.

जे सांधे कधीच उघडायचे नाहीत त्यांना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावावा, आणि जे प्रत्येक प्रवासात उघडायचे त्यांना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरावेत. मोटारींच्या माउंटिंगचे स्क्रू हादऱ्यांनी सर्वांत आधी सैल होतात. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. रात्रभर प्रवास करून आलेला मुलगा पहाटे चार वाजता जोडणी करतो तेव्हा त्याला स्मरणावर विसंबायला लावणे योग्य नाही.

पेट्या भरताना

जाड प्लायवूडच्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना मुठी असलेल्या पेट्या गावातल्या सुताराकडून करून घ्याव्यात. भरलेली पेटी दोन विद्यार्थी जिना चढून नेऊ शकतील एवढीच जड असावी. रावेर-सावदा भागातील पॅकहाउसमध्ये केळी बॉक्समध्ये भरताना फण्यांच्या मध्ये फोमचा पातळ कागद घालतात, कारण फळ बाहेरच्या धक्क्यापेक्षा शेजारच्या फळावर घासून अधिक काळे पडते. आपल्या साहित्याचेही तसेच आहे. बहुतेक नुकसान पेटीच्या आत एक भाग दुसऱ्यावर आपटल्याने होते, म्हणून प्रत्येक भाग आपापल्या खाचेत घट्ट बसला पाहिजे. रोबोचा बेस, म्हणजे चाके बसवलेला खालचा भाग, चाकांवर उभा करून कधीही पाठवू नये. चेसिसखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी ठेवावीत, नाहीतर खड्ड्यांचा सगळा मार शाफ्ट आणि गिअरबॉक्सवर बसतो. सर्किट बोर्ड, लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), कॅमेरे आणि लॅपटॉप मात्र पेटीत न घालता विद्यार्थ्यांनी पाठीवरच्या बॅगेत न्यावेत. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा असेल तर टाक्या व बाटल्या पूर्ण रिकाम्या करून झडपा उघड्या ठेवाव्यात.

जोडणी ज्या क्रमाने होणार त्याच्या उलट क्रमाने पेटी भरावी, म्हणजे आधी लागणारी वस्तू वर येते. झाकणाच्या आतल्या बाजूस वस्तूंची यादी आणि भरलेल्या पेटीचे छायाचित्र चिकटवावे.

खानदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती उन्हाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बंद वाहनात तापमान त्याहून बरेच चढते. थ्रीडी प्रिंटिंगसाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडू लागते. एका वर्षी आमच्या संघाचे ग्रिपर (रोबोचे वस्तू पकडणारे पंजे) दुपारभर उभ्या असलेल्या टेम्पोत वाकडे झाले आणि मुलांनी ती रात्र कानशीने घासण्यात घालवली. तेव्हापासून भार घेणारे भाग आम्ही पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापतो, जे सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते, आणि टेम्पो सूर्य मावळल्यावरच भरतो. पावसाळ्यात ताडपत्रीखाली पेटीला प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे आणि बेअरिंगांजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

बॅटऱ्यांविषयी

येथे कोणतीही तडजोड करू नये. लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज करून प्रवासाला नेणे धोक्याचे आहे. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून, टोकांवर टोप्या बसवून, प्रत्येक बॅटरी वेगळ्या अग्निरोधक पिशवीत ठेवावी. फुगलेली बॅटरी सोबत नेऊच नये. बॅटऱ्या पार्सलच्या पेटीत किंवा टेम्पोच्या हौद्यात घालू नयेत. त्या एका जबाबदार व्यक्तीच्या नजरेसमोर आणि उन्हापासून दूर असाव्यात. डब्यातील सॉकेट मोबाइलसाठी असते, त्यावर या बॅटऱ्या चार्ज करू नयेत.

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. मर्यादा वॉट-तासांत असते आणि ती काढण्यासाठी व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करावे. ११.१ व्होल्ट, ५२०० एमएएच (५.२ अँपिअर-तास) बॅटरी सुमारे ५८ वॉट-तासांची, म्हणजे १०० च्या आत आहे. २२.२ व्होल्ट, ५००० एमएएचची बॅटरी १११ वॉट-तास होते, आणि १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते, तीही दोनच बॅटऱ्यांसाठी. १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. हा हिशेब कागदावर लिहून सोबत ठेवला तर सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी बोलणे सोपे जाते.

रेल्वे की टेम्पो

आपल्याकडे रेल्वेची सोय चांगली आहे आणि छोट्या संघाने तीच निवडावी. ब्रेक-व्हॅनमध्ये सामान चढवायचे असेल तर मात्र जळगावऐवजी भुसावळहून निघावे असा माझा सल्ला आहे. अंतर जेमतेम २५ किलोमीटर आहे, आणि जळगावला अनेक गाड्या दोन-तीन मिनिटेच थांबतात, तर भुसावळला थांबा सहसा जास्त असतो. अशाच एका छोट्या थांब्यावर आमची एक पेटी फलाटावरच राहिली होती आणि ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आली. नियम गाडीच्या अर्धा तास आधी सामान बुकिंगच्या खिडकीवर पोहोचण्याचा असला तरी दोन तास हाताशी ठेवावेत. धुळ्याच्या संघांनी चाळीसगावला जाऊन गाडी धरण्यापेक्षा, पेट्या जास्त असतील तर, सरळ भुसावळ गाठावे.

दोन मोठे रोबो आणि सरावाच्या मैदानाचे भाग न्यायचे असतील तर पिकअप किंवा आयशर करावा. धुळे-शिरपूरहून उत्तरेकडे जाताना पळासनेर सोडले की बिजासन घाट लागतो. तेथील उतार-वळणांवर पेट्या सरकतात, म्हणून त्या दोरीने नव्हे तर रॅचेटच्या पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांना बांधाव्यात. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर साहित्याची यादी, अंदाजे किंमत आणि ‘विक्रीसाठी नाही, स्पर्धेनंतर परत आणावयाचे’ असा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र सही-शिक्क्यासह चालकाजवळ द्यावे. परराज्यात जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिलाचा (जीएसटीखालील मालवाहतुकीच्या ऑनलाइन दस्तऐवजाचा) प्रश्न येतो. तो वाहतूकदाराशी बिल्टी (मालाची पावती) करतानाच मिटवावा. एक विद्यार्थी किंवा शिक्षक वाहनासोबत असणे मी अनिवार्य मानतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक पूर्ण सराव करावा: रोबो सुटा करावा, पेट्या भराव्यात, वाहनात चढवून खडबडीत रस्त्यावरून तासभर फिरवाव्यात आणि परत येऊन घड्याळ लावून जोडणी करावी. कोणता नट सैल झाला, कोणती वायर ओढली गेली, कोणते हत्यार यादीत नव्हते, हे सगळे त्या एका दिवसात कळते आणि दुरुस्तीला सहा दिवस उरतात.

परतीच्या वेळी थकव्यामुळे सामान कसेही कोंबले जाते. सामने संपल्यावर बॅटऱ्या पुन्हा ३.८ व्होल्टवर आणाव्यात, झाकणावरच्या यादीनुसार एकाने नाव वाचावे आणि दुसऱ्याने वस्तू ठेवावी, आणि बिल्टी किंवा पार्सलची पावती ज्याच्याकडे आहे त्याने शेवटची पेटी चढल्याशिवाय जागा सोडू नये.