सिंहगड सायकलवर चढायचाय? मग पहिला किलोमीटर हळू घ्या

पुण्यात नवीन सायकल घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात खडकवासल्यापर्यंत जातो, दुसऱ्या महिन्यात डोणज्यापर्यंत, आणि मग एका रविवारी कोणीतरी म्हणतं चल की गडावर. माझंही तसंच झालं होतं. गोळेवाडीच्या नाक्यापासून जोरात सुटलो, पाय ताजे होते, दोघातिघांना मागे टाकलं आणि दीड किलोमीटरवर छाती भात्यासारखी हलायला लागली, तोंडाला कोरड, पोटऱ्या दगडासारख्या. चार वेळा थांबलो. वर पोचायला १ तास ३५ मिनिटं लागली.

तिसऱ्यांदा थांबलो होतो तेव्हा साठीच्या घरातले एक काका शेजारून गेले. स्पीड म्हणाल तर चालणाऱ्यापेक्षा थोडा जास्त, पण पाय असे गोल फिरत होते की खांदे जागचे हलत नव्हते, आणि जाता जाता म्हणाले, "अरे, खाली बोलता येईल एवढाच जोर लाव, म्हणजे वर बोलायला दम उरतो." नंतर वाचलं बरंच, व्हिडिओ पाहिले, पण घाटाबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त या एका वाक्यात आहे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक चाललंय, तीन-चार शब्दांवर श्वास तुटत असेल तर तुम्ही काठावर आहात, आणि एकच शब्द निघत असेल तर पुढच्या पाच मिनिटात पाय जमिनीवर टेकणार. निम्मा घाट पहिल्या प्रकारात काढायचा, नंतर दुसऱ्यात, आणि तिसरा प्रकार फक्त शेवटचं वळण दिसायला लागलं की. सुरुवातीला खूपच हळू जातोय असं वाटलं पाहिजे, लोक पुढे जातील, जाऊदेत.

सिंहगडचा चढ साधारण नऊ किलोमीटरचा, त्यात उंची वाढते सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा-सात टक्के. टक्के म्हणजे काय तर शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. पण सरासरीवर विसंबू नका, घाट एकसारखा नाहीये. मधे जरा श्वास घ्यायला जागा मिळते आणि कोंढणपूर फाट्याच्या पुढे तो तिखट होतो, तिथे सरासरी विसरून जायची. म्हणून फाट्यापर्यंत जे वाचवाल तेच पुढे कामाला येतं.

आता गिअर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक लोक पायांना दोष देतात आणि खरी अडचण सायकलवर असते. माझी पहिली रोडबाईक घेताना दुकानात सांगितलं होतं की मागचे मोठे दाते लागत नाहीत, फिटनेस आला की सगळं चढतं. हे चुकीचं आहे, हिशोबच करून बघा ना. पुढे छोटी प्लेट ३४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अंदाजे अडीच मीटर पुढे जाते. तिखट चढावर नवख्या माणसाचा वेग ताशी सात किलोमीटर धरला तर पाय मिनिटाला ४५ च्या आसपासच फिरतात, म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा रेटावा लागतो आणि गुडघ्यांची वाट लागते. मागे ३४ ची चकती टाकली की त्याच वेगाला पाय ५५ ला फिरतात. दहाचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तासभरात सहाशे फेरे जास्त होतात आणि तेवढा प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो, गुडघा लगेच सांगतो फरक. तेव्हा हजारो रुपयांची हलकी चाकं घेण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदला. फक्त आधी मेकॅनिकला विचारा की तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का, काही घेत नाहीत, आणि चेनची लांबीही बघावी लागते. हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर बहुतेकवेळा पुरेसे हलके गिअर असतातच, तिथे फक्त ते वापरायला लाजायचं नाही.

गिअर टाकायची वेळही महत्त्वाची. वळण घेतल्यावर समोर भिंत दिसली की लोक घाबरून पूर्ण जोर लावत असतानाच खटाखट दोन-तीन गिअर पाडतात आणि चेन उतरते. वळणाच्या आधीच एक हलका गिअर टाका आणि टाकताना अर्धा फेरा पायातला जोर सैल सोडा, तो टक् आवाज मऊ येतो, कडकड येत नाही. हा आवाज ओळखायला शिका.

बसून की उभं राहून? मुख्यतः बसूनच, उभं राहिलं की श्वास पटकन वाढतो. पण तासभर एकाच जागी बसून कंबर आखडते, म्हणून दर काही मिनिटांनी पंधरा-वीस फेरे उभं राहायचं, उभं राहायच्या आधी एक जड गिअर टाकायचा नाहीतर पाय एकदम रिकामा पडल्यासारखा होतो. बसलेलं असताना हात हँडलवर नुसते ठेवलेले, कोपर सैल. बोटं पांढरी पडलेली दिसली तर समजा की ताकद चुकीच्या ठिकाणी जातेय. हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणाला, आतली बाजू सगळ्यात तिखट असते, बाहेरून घेतलं तर थोडं अंतर वाढतं पण चढ सौम्य लागतो. हे फक्त समोरून गाडी येत नाही हे दिसत असेल तरच, आंधळ्या वळणावर आपली डावी बाजू सोडायची नाही.

सीटची उंची घरीच बघून घ्या. भिंतीला आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा वाक राहतो. सीट खाली असेल तर घाटात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, आणि बऱ्याच जणांची ती खालीच असते.

सरावाबद्दल. दर रविवारी गडावर जाऊन गड सोपा होत नाही, निदान माझा तरी झाला नाही. फरक पडला तो आठवड्यात एक दिवस छोट्या चढावर फेऱ्या मारायला लागल्यापासून. मी बोपदेव घाट धरला, येवलेवाडी ओलांडली की पुढे. चार मिनिटं असा जोर की तीन-चार शब्दच निघतील, मग खाली येऊन आरामात पाय मोकळे करायचे आणि परत. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, हळूहळू सहापर्यंत, आणि शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे, ती ढेपाळली तर पहिली जास्त जोरात मारली होती असं समजा. मुंबईत ठाण्यात राहणारे फ्लायओव्हरवर पहाटे हेच करू शकतात. बाकीचे दोन-तीन दिवस सपाटीवर निवांत चालवायची, खरंच निवांत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. घरी स्क्वॉट्स आणि प्लँक आठवड्यातून दोनदा. दोन-अडीच महिन्यात मला न थांबता गड चढता यायला लागला, वर्षभराने ५८ मिनिटं. (चाळिशी ओलांडली असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर जिथे असाल तिथे उतरा.)

वजनाचं सगळे विचारतात. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, त्यातलं एक किलो कमी झालं तर तासाभराच्या चढात चाळीसेक सेकंद वाचतात. फार नाही, पण तेच पाच किलो असतील तर तीन मिनिटांच्या वर जातं. म्हणून सायकलचं वजन दोनशे ग्रॅमने कमी करायला पैसे घालवण्यापेक्षा दुसरी भरलेली बाटली खाली ठेवून जाणं बरं. नऊ किलोमीटरला एक ७५० मिलीची बाटली पुरते, उन्हाळ्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू-साखर घालून. दोन तास आधी पोहे किंवा भाकरी, निघताना एक केळं. फक्त गडच करायचा असेल तर वाटेत काही लागत नाही, लांबून येत असाल तर खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा आणि भूक लागायच्या आधी खा, चढावर घास चावताना श्वास घेता येत नाही म्हणून सौम्य तुकड्यावर.

सिंहगड जमला की पुढे वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आहे, सातारकरांचा यवतेश्वर आहे, आणि खोपोलीवरून बोरघाट, जिथे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाटाचा राजा ठरतो. तिथे शिंगरोबाच्या देवळापाशी पहिल्यांदा न थांबता पोचलो तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

गडावर जायला पहाटे सहाच्या आत नाक्यावर असलेलं बरं. शनिवार-रविवारी नंतर गाड्यांची रांग लागते आणि चढावर मागून हॉर्न वाजला की लय तुटते. पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा, आणि शेवाळलेल्या कडांवर चाक नेऊ नका.

वर पोचल्यावर घामेजलेला टीशर्ट असतो आणि वारा गार असतो, पातळ जॅकेट खिशात ठेवा. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खुशाल खा पण पोट तडस लागेपर्यंत भरू नका, अजून उतरायचंय. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचे, परत पुढच्या वळणाआधी. मी फाट्यापाशी एकदा थांबून हात झटकतो आणि रिमच्या जवळ तळवा नेऊन किती तापलीये बघतो, धग लागली तर तिथेच पाच मिनिटं बसतो.